वर वारा, खाली गाळ

मे महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्राच्या मोठ्या भागात वरचे पाणी २९-३० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो. कोकणात होड्या वर ओढून शाकारल्या जातात, पाऊस लागतो आणि आपले सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. त्याच दिवसांत, त्याच वाऱ्याखाली, समुद्राच्या पलीकडच्या काठावर निराळीच घडामोड चालू असते. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहणारा हा वारा वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वरचे पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकते आणि तिथे उजवीकडे खुला समुद्र आहे. दूर गेलेल्या पाण्याची जागा भरायला खालचे थंड पाणी वर येते. भर उन्हाळ्यात किनाऱ्याजवळचे तापमान २५ अंशांच्याही खाली उतरते. ओमानमधल्या सलालाहच्या डोंगरांवर जुलै-ऑगस्टमध्ये जे धुके आणि जी हिरवळ दिसते, त्यांच्यामागे हेच गार पाणी आहे.

खालून येणारे पाणी नुसते गार नसते. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर असतात. ते उजेडात आले की वनस्पतिप्लवक झपाट्याने वाढतात, त्यांच्यावर जगणारे सूक्ष्म प्राणी वाढतात आणि या गर्दीतल्या काही जातींच्या अंगावर कठीण कवच असते. जीव मरतो, कवच रिकामे होते आणि बुडू लागते. फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सूक्ष्म जीवाचे मोठेसे कवच दोन-तीन किलोमीटर खोल तळ काही दिवसांत गाठते. म्हणजे मोसमी वाऱ्याचा हंगाम वर संपायच्या आतच त्याचा गाळ खाली जमू लागलेला असतो.

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे: समुद्राच्या पृष्ठभागावर जे घडते त्यावरून तळाशी कोणत्या सूक्ष्म जीवांचे अवशेष, कुठे आणि किती साचतात. ऐकायला हा विषय अगदी चिंचोळा वाटतो. पण हिमयुगात पृथ्वी किती थंड होती, मोसमी वारे केव्हा सुरू झाले, ते कधी मंदावले आणि कधी बळावले, याविषयी आपल्याला जे काही ठाऊक आहे त्याचा फार मोठा भाग या चिंचोळ्या वाटेनेच आलेला आहे.

गाळातली कवचे वरच्या पाण्याच्या स्थितीने ठरतात, याबद्दल आज दुमत नाही. मतभेद आहे तो ‘स्थिती’ म्हणजे काय धरायचे, याबद्दल. तापमान? खारटपणा? अन्नाचा पुरवठा? आणि यांपैकी काहीही धरले तरी ते वर्षाच्या सरासरीचे, की एखाद्या महिन्याचे? या शास्त्राचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरला आहे. माझे स्वतःचे मत मी इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना वाचकाला ते गृहीत धरता येईल. गाळाकडे तापमापक म्हणून पाहण्याची सवय या शास्त्राला फार लवकर लागली आणि ती सुटायला फार वेळ लागला. गाळात नोंद होते ती त्या त्या जातीला जगायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींची मिळून, आणि हे जगात कुठे सर्वांत स्पष्ट दिसत असेल तर ते आपल्या अरबी समुद्रात.

आधी अवशेषांची ओळख. समुद्रात प्लवकांच्या हजारो जाती आहेत, पण बहुतेकांचे मऊ शरीर मागमूस न ठेवता विरघळून किंवा खाऊन संपते. तळापर्यंत टिकतात ते मोजके गट. डायाटम ही सिलिकाची पेटी बाळगणारी एकपेशीय शैवले. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात त्यांच्या गाळाचा मोठा पट्टा आहे. रेडिओलारिया सिलिकाचेच, पण प्राण्यांसारखे खाऊन जगणारे. कोकोलिथोफोर ही चुन्याच्या चकत्या अंगावर वागवणारी शैवले. एकेक चकती काही मायक्रॉनची. डायनोफ्लॅजेलेटांच्या पुटी सेंद्रिय पदार्थाच्या असतात, त्यामुळे जिथे चुना विरघळून जातो तिथेही त्या सापडतात. आणि फोरॅमिनिफेरा. खोल समुद्रतळाचा जवळजवळ निम्मा भाग ज्या पांढुरक्या चुनखडी गाळाने झाकला आहे, तो मुख्यतः कोकोलिथ आणि तरंगत्या फोरॅमिनिफेरांचा बनलेला आहे.

या पुस्तकाचा भर फोरॅमिनिफेरांवर आहे आणि त्याला कारण आहे. तरंगत राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या आज जिवंत असलेल्या जाती सुमारे ५० आहेत. एका माणसाला ओळखता याव्यात इतक्या कमी, आणि वेगवेगळ्या पाण्यांत वेगवेगळ्या सापडाव्यात इतक्या पुरेशा. शिवाय प्रत्येक कवच हे कॅल्साइटचे असल्याने त्याचे रासायनिक विश्लेषणही करता येते. मोजणी आणि रसायन अशा दोन्ही वाटा एकाच कवचात उघडतात. ही सोय दुसऱ्या कुठल्याच गटात इतकी चांगली नाही.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते नवख्या वाचकाने एकदा डोळ्यांसमोर आणावे. जहाजावरून पोकळ नळी तळात रोवून गाळाचा लांब दंडगोल वर काढतात. त्याचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करतात. एक काप वाळवून, पाण्यात भिजवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर बारीक धारेखाली धुतला की चिखल वाहून जातो आणि उरते ती पांढरी रेती. ती वाळवून १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची, चाळणीत राहिलेला भाग निम्मा-निम्मा करत आणायचा आणि मग चौकटी आखलेल्या काळ्या तबकडीत पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. रेतीचा कणन् कण कवच निघतो. ज्वारीच्या लाह्या पसरल्यासारखे दृश्य असते: चार-चार, पाच-पाच फुगीर कप्पे एकमेकांना चिकटलेले. ओल्या ब्रशाच्या टोकाने एकेक उचलून जातीनुसार वेगळे करायचे. साधारण ३०० कवचे मोजली की त्या कापाची गणना झाली. ग्लोबिजेरिना बुलॉइडेसचे चार गोल कप्पे आणि मधोमध मोठी कमानदार खिडकी. ग्लोबिजेरिनॉइडेस रूबरचे तीन कप्पे, शिवणींवर लहान-लहान भोके. ग्लोबोरोटालिया मेनार्डी चपटी, कडेला जाड काठ असलेली. काही आठवड्यांच्या सरावाने नजर बसते. मान आणि पाठ मात्र कायमची दुखते. प्रयोगशाळेत तासन् तास बसून ही मोजणी करणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे शोधनिबंधांच्या आभारांत एका ओळीत येतात. या शास्त्राची सगळी इमारत त्यांच्या मोजणीवर उभी आहे, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते.

आता इतिहास. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तारायंत्राच्या केबलसाठी अटलांटिकचा तळ चाचपला जाऊ लागला, तेव्हा वर आलेल्या चिखलात ही कवचे दिसली आणि एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहिला. हे जीव तळाशीच जगतात, की वर जगून खाली पडतात? ब्रिटनच्या ‘चॅलेंजर’ जहाजाची १८७२ ते १८७६ ची जगप्रदक्षिणा सुरू झाली तेव्हा तिचे शास्त्रीय प्रमुख वायव्हिल थॉमसन यांचा कल तळाशी जगतात असे मानण्याकडे होता. त्यांचे तरुण सहकारी जॉन मरे यांनी वरच्या पाण्यात बारीक जाळी ओढून जिवंत फोरॅमिनिफेरा पकडले आणि त्या त्या ठिकाणच्या तळातल्या कवचांशी ताडून पाहिले. ज्या जाती वर, त्याच खाली. थॉमसन यांनीही ते मान्य केले. पुढे १८९१ मध्ये मरे आणि रनार यांचा खोल समुद्रातल्या गाळांवरचा मोठा ग्रंथ आला, आणि १८९७ मध्ये मरे यांनी उष्ण कटिबंधाकडून ध्रुवांकडे जाताना जाती कशा बदलत आणि घटत जातात ते मांडले. आपल्या विषयाचा पाया तो हा.

मरे यांचे आणखी एक ऋण आपल्यावर आहे. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशातून १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून खास अरबी समुद्राची पाहणी झाली. तिचे नेतृत्व भारतात प्राणिशास्त्रीय सर्वेक्षणाचे संचालक राहिलेले सेमूर सेवेल यांनी केले. आपल्या समुद्राच्या मध्यम खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला पाण्याचा जाड थर आहे आणि जिथे तो तळाला टेकतो तिथे जीवसृष्टी अत्यंत विरळ आहे, हे या मोहिमेत पुढे आले. या थराचे महत्त्व आपल्या विषयात फार आहे. त्याकडे पुन्हा येतो.

वर्णनाचे मोजणीत रूपांतर केले ते वोल्फगांग शॉट यांनी. ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने १९२५ ते १९२७ मध्ये अटलांटिकमधून आणलेल्या गाळाच्या नळ्यांमध्ये त्यांनी थराथरातल्या जाती मोजल्या. सर्वांत वरच्या थरात मेनार्डी भरपूर, त्याखालच्या थरात ती गायब, आणखी खाली पुन्हा हजर. १९३५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: मधला थर हिमयुगाचा. समुद्राच्या तळाशी पहिल्यांदाच हवामान वाचले गेले होते. पण त्यातच तापमापकाची सवयही रुजली. मेनार्डी आहे म्हणजे उष्ण, नाही म्हणजे थंड.

ही सवय पुढे एका मोठ्या भांडणाला कारण झाली. न्यूयॉर्कजवळच्या लॅमोंट वेधशाळेत डेव्हिड एरिक्सन मेनार्डीवरून हिमयुगांचे कालखंड ठरवत होते. दुसरीकडे चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये कवचांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे गुणोत्तर मोजून स्वतंत्र कालखंड मांडले. दोघांचे जुळेना. पुढे निकोलस शॅकलटन यांनी दाखवले की त्या गुणोत्तरात तापमानापेक्षा जमिनीवर साठलेल्या बर्फाचा वाटा मोठा आहे. म्हणजे समस्थानिकही साधा तापमापक नव्हताच. जॉन इंब्री या वादातून जे शिकले ते मला फार मोलाचे वाटते. एका जातीवर विसंबू नका, सगळ्या जाती एकत्र पाहा; मेनार्डी तापमानाखेरीज आणखी कशाला तरी प्रतिसाद देत असली पाहिजे. १९७१ मध्ये त्यांनी निल्वा किप यांच्यासह एक संख्याशास्त्रीय पद्धत मांडली. आजच्या तळावरच्या वरच्या थरातल्या गणना घ्यायच्या, त्या त्या ठिकाणच्या पाण्याच्या तापमानाशी त्यांचे नाते बसवायचे आणि तेच नाते जुन्या थरांना लावायचे. याला ट्रान्स्फर फंक्शन म्हणतात. त्यावर उभ्या राहिलेल्या क्लायमॅप या प्रकल्पाने १९७६ मध्ये १८,००० वर्षांपूर्वीच्या पृथ्वीच्या समुद्रपृष्ठाचा नकाशा काढला. त्याच वर्षी हेज, इंब्री आणि शॅकलटन यांनी हिंदी महासागराच्या दक्षिणेकडच्या गाळातून दाखवून दिले की हिमयुगांची ये-जा पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांच्या तालावर होते.

क्लायमॅपचा नकाशा हा मानवी जिज्ञासेचा एक विलक्षण दस्तऐवज आहे, असे मी कुठलाही हातचा न राखता म्हणतो. त्याच्या उणिवा नंतर दिसल्या. त्याने उष्ण कटिबंध हिमयुगातही फारसा थंड झाला नव्हता असे दाखवले. प्रवाळ, शैवालातील अल्किनोन आणि कवचांतले मॅग्नेशियम यांच्या मोजणीने ते पटेना. मुळाशी प्रश्न तोच होता. जाती बदलल्या म्हणजे तापमान बदलले, हे गृहीतक कुठवर ताणायचे?

१९९९ मध्ये रदरफोर्ड, डी’हाँट आणि प्रेल यांनी जगभरच्या गणना घेऊन दाखवले की फोरॅमिनिफेरांच्या विविधतेतल्या भौगोलिक फरकाचा सुमारे ९० टक्के भाग पृष्ठभागाच्या तापमानाने समजावता येतो. तापमानवाद्यांची बाजू पोकळ नाही, हे यावरून कळते. अख्ख्या जगाच्या नकाशावर तापमान हाच मुख्य धागा आहे. पण नकाशा जवळून पाहू लागले की तो धागा ठिकठिकाणी तुटतो, आणि तुटण्याची सर्वांत मोठी जागा ओमानसमोर आहे.

बुलॉइडेस ही मुळात उपध्रुवीय, थंड पाण्यातली जात म्हणून ओळखली जायची. ती अरबी समुद्राच्या पश्चिम भागात, उष्ण कटिबंधात, कवचांच्या गर्दीत पहिल्या रांगेत का असते? पाणी गार होते हे अर्धे उत्तर. पण ओमानसमोरचे पाणी गार झाले तरी उपध्रुवीय समुद्राइतके कधीच होत नाही. उरलेले उत्तर अन्नाचे आहे. वॉरन प्रेल आणि विल्यम करी यांनी १९८१ मध्ये पश्चिम अरबी समुद्राच्या गाळातून मांडले की बुलॉइडेसचे प्रमाण खालून वर येणाऱ्या पाण्याशी, म्हणजेच मोसमी वाऱ्याच्या जोराशी बांधलेले आहे. इथून एक नवी वाट फुटली. जी जात इतरत्र थंडीची खूण होती, ती इथे वाऱ्याची खूण झाली. उलट रूबरच्या शरीरात प्रकाशसंश्लेषण करणारी शैवले राहतात. तिला निवांत, उजेडाचे, अन्न कमी असलेले पाणी चालते. एकाच समुद्रात वर्षातून दोनदा वारा दिशा बदलतो आणि या दोन जातींचे राज्यही त्याबरोबर पालटते.

हे नुसते अनुमान राहिले नाही, याचे मोठे श्रेय गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला जाते. १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था स्थापन झाली. या मोहिमेमुळे मिळालेले नमुने आणि पुढची निरीक्षणे यांवर ॲलन बे आणि विल्यम हट्सन यांनी १९७७ मध्ये हिंदी महासागरातल्या जिवंत आणि मृत फोरॅमिनिफेरांचे नकाशे शेजारी शेजारी मांडले होते. आता प्रश्न होता हंगामाचा. १९८६ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बर्ग विद्यापीठ यांनी मिळून पश्चिम, मध्य आणि पूर्व अरबी समुद्रात खोलवर गाळसापळे टांगले. सापळा म्हणजे एक मोठे नरसाळे आणि त्याखाली ठरावीक दिवसांनी आपोआप बदलणाऱ्या बाटल्या. वर्षभर जे खाली पडते ते तारीखवार गोळा होते. १९८९ मध्ये आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाली पडणारा माल वर्षभर सारखा येत नाही. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या काळात तो पश्चिमेकडे अनेक पटींनी वाढतो, ईशान्य वाऱ्यांच्या काळात पुन्हा थोडा वाढतो आणि मधल्या महिन्यांत ओसरतो. करी आणि सहकाऱ्यांनी याच सापळ्यांतली कवचे मोजली तेव्हा बुलॉइडेसची गर्दी वाऱ्याच्या हंगामातच दिसली.

याचा अर्थ काय, हे थोडे थांबून पाहायला हवे. तळाशी जमलेला वर्षाचा गाळ बारा महिन्यांना समान वाटा देत नाही. ज्या महिन्यांत कवचे जास्त, त्या महिन्यांचा आवाज मोठा. ओमानसमोरच्या बुलॉइडेसच्या कवचातून जे तापमान काढाल ते मुख्यतः ऑगस्टच्या आसपासचे असेल, वर्षाची सरासरी नव्हे. त्याच गाळातल्या रूबरवरून काढाल तर आणखी वेगळे मिळेल. दोन्ही खरी, फक्त प्रश्न वेगवेगळे. ही गोष्ट लक्षात न घेता काढलेले कितीतरी आलेख मी पाहिले आहेत आणि तसे आलेख आजही छापले जातात.

अरबी समुद्राच्या उत्तर भागाची गोष्ट पुन्हा वेगळी आहे. तिथे हिवाळ्यात जमिनीवरून येणारा कोरडा, थंड वारा वरचे पाणी गार आणि जड करतो. ते बुडते, पाणी ढवळले जाते आणि खालचे पोषण वर येते. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे स्पष्ट केले. बंगालच्या उपसागरात नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी वर थर धरून बसते. तो थर वाऱ्याला सहज फोडता येत नाही आणि खालचे अन्न वर येऊ देत नाही. एकाच अक्षांशावरचे दोन समुद्र, एकाच मोसमी वाऱ्याखाली, पण तळाचा गाळ वेगळा. तापमानाच्या नकाशावरून हे कधीच कळले नसते.

या वाचनातून काय हाती आले ते थोडक्यात. १९८७ मध्ये ओमानसमोर आंतरराष्ट्रीय खोदकाम झाले आणि त्यातल्या गाळावर पुढची अनेक वर्षे काम झाले. क्रून आणि सहकाऱ्यांनी बुलॉइडेसच्या आगमनावरून मोसमी वाऱ्याचा जोर सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी सुरू झाला असे मांडले. नंतरच्या कामाने ही वेळ सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपर्यंत मागे नेली. हिमयुगाच्या टोकाला ओमानसमोर खालून वर येणारे पाणी मंदावले होते. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी, उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा अधिक ऊन मिळत असताना, ते जोरात होते. २००३ मध्ये अनिल गुप्ता, डेव्हिड अँडरसन आणि जोनाथन ओव्हरपेक यांनी गेल्या सुमारे दहा हजार वर्षांतले मोसमी वाऱ्याचे अचानक अशक्त होणारे काळ उत्तर अटलांटिकमधल्या थंडीच्या झटक्यांशी जुळतात, हे याच गाळातून दाखवले. मोसमी वाऱ्याचे एवढ्या मागे जाणारे इतके सलग दप्तर जमिनीवर क्वचितच सापडते.

मात्र एक इशारा या ठिकाणी दिलाच पाहिजे, कारण वर्तमानपत्री बातम्यांत तो नेहमी हरवतो. बुलॉइडेस सांगते ती ओमानसमोरच्या वाऱ्याची गोष्ट. मराठवाड्यातला पाऊस तिच्यात थेट नोंदलेला नाही. वारा आणि पाऊस यांचे नाते आहे, पण ते एकास एक नाही. दुसरे, टक्केवारी फसवी असते. रूबर घटली तर बुलॉइडेसचा एकही जीव न वाढता तिची टक्केवारी वाढते. म्हणून दर वर्षी दर चौरस सेंटिमीटरवर किती कवचे पडली हे मोजता आले तर ते अधिक भरवशाचे.

वरून खाली येताना आणि खाली पडून राहताना कवचांचे आणखी काय काय होते, याचाही एक अभ्यास उभा राहिला आहे. ४ ते ५ किलोमीटरच्या आसपास चुना विरघळू लागतो आणि सगळ्या जाती सारख्या विरघळत नाहीत. वोल्फगांग बर्गर यांनी साठच्या दशकातच क्रम लावून दाखवला: पातळ कवचाची रूबर लवकर जाते, जाड मेनार्डी टिकते. खोल ठिकाणच्या गाळात मेनार्डी जास्त दिसली तर ती वर जास्त होती म्हणून, की खाली इतर विरघळल्या म्हणून, हे आधी ठरवावे लागते. कवचे सरळ खालीही पडत नाहीत. एरिक व्हान सेबिल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की आगुल्हाससारख्या जोरकस प्रवाहात तळाशी सापडणारे कवच शेकडो किलोमीटर दूरच्या पाण्यात वाढलेले असू शकते. मग तळातले किडे वरचे सुमारे १० सेंटिमीटर उकरून एकत्र करतात. जिथे हजार वर्षांत दोन-तीन सेंटिमीटर गाळ साचतो तिथे त्याचा अर्थ काही हजार वर्षांची सरमिसळ. आणि इथेच प्राणवायूहीन थराचा फायदा होतो. पाकिस्तानच्या किनाऱ्यालगत हा थर जिथे तळाला भिडतो तिथे उकरणारे किडेच नाहीत, म्हणून गाळाचे पातळ थर जसेच्या तसे राहतात. मबाहिसवर जे ओसाड म्हणून नोंदले गेले, ते इतिहासकारासाठी सर्वांत जपलेले दप्तर निघाले.

आजच्या अभ्यासकांत तीन ढोबळ प्रवाह दिसतात. एक, मोठ्या संग्रहांवर संख्याशास्त्र लावणारा. हजारो ठिकाणच्या गणना त्यांच्याकडे आहेत आणि शेजारच्या जागा एकमेकींसारख्या असल्याने निकाल फसवे चांगले दिसतात, ही टीकाही त्यांच्यातूनच पुढे आली. दुसरा, कवचाच्या रसायनावर भर देणारा. तिसरा, जिवंत प्राण्याकडे परतणारा: जाळी, सापळे, प्रयोगशाळेत वाढवलेले नमुने आणि जनुकशास्त्र. केट डार्लिंग आणि सहकाऱ्यांच्या कामातून कळले की आपण एकाच जातीच्या नावाखाली जनुकीयदृष्ट्या वेगळे समूह मोजत आलो. उष्ण पाण्यातली बुलॉइडेस आणि थंड पाण्यातली बुलॉइडेस एक नाहीत. ओमानच्या जुन्या कोड्याचा एक भाग यातून सुटतो. माझा ओढा तिसऱ्या प्रवाहाकडे आहे. जीव कसा जगतो हे न कळता त्याच्या कवचांची बेरीज करत राहण्याला मर्यादा आहेत.

हा विषय आत्ताच मराठीत का? एक कारण साधे आहे. तळावरचा सर्वांत वरचा थर औद्योगिक काळापूर्वीच्या समुद्राची नोंद आहे. आणि आता आपण त्याच समुद्राची नवी अवस्था पाहतो आहोत. योंकर्स, हिलेब्रांड आणि कुचेरा यांनी २०१९ मध्ये गाळातल्या जाती आणि अलीकडच्या सापळ्यांतल्या जाती ताडून दाखवले की आजचे समूह जुन्यांपासून दूर सरकले आहेत, आणि हा बदल तापमानवाढीच्या दिशेशी जुळतो. २०२४ च्या एका मोठ्या संकलनानुसार गेल्या आठ दशकांत तरंगत्या फोरॅमिनिफेरांची संख्या सुमारे एक चतुर्थांशाने घटली आहे. दक्षिण महासागरात आजच्या बुलॉइडेसची कवचे तळातल्या जुन्या कवचांहून सुमारे ३० ते ३५ टक्के हलकी आढळली, आणि पाण्याची वाढती आम्लता हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. ज्या आजच्या नात्यावर ट्रान्स्फर फंक्शन उभे होते, ते ‘आज’च आपल्या हातून सुटत चालले आहे.

दुसरे कारण आपल्या घरचे. २००५ मध्ये जोआकिम गोज आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या माहितीवरून म्हटले की मोसमी वारे बळावत आहेत आणि पश्चिम अरबी समुद्र अधिक सुपीक होतो आहे. २०१६ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी उलटे मांडले: पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पतिप्लवक गेल्या सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटले, कारण वरचे पाणी तापून खालचे पोषण वर येणे रोखले जात आहे. गोज यांच्या हाती काही वर्षांचीच उपग्रहाची माहिती होती. रॉक्सी यांनी त्यात दशकांचा प्रतिमानी अंदाज जोडला. दोन्ही कामे प्रामाणिक आणि चांगली आहेत. पण कल ठरवायला शतकांची नोंद लागते, आणि ती आपल्याकडे तळाच्या गाळातच आहे. २००२ मध्ये त्याच गाळातून गेल्या चार शतकांत वारा बळावत आल्याचे मांडले गेले. तापमानवाढीत ते पुढेही टिकेल की मोडेल, यावर बांगडा-तारल्यापासून पावसापर्यंत पुष्कळ काही अवलंबून आहे.

हे पुस्तक याच जमिनीवर उभे आहे. मराठीत समुद्रावर लिहिले गेले ते बहुतेक किनाऱ्यावरून आणि होडीतून; तळाच्या गाळापर्यंत लेखन क्वचित पोहोचले. इथले लेखक तिथून सुरुवात करतात. त्यांनी अरबी समुद्र मध्यभागी ठेवला आहे आणि अटलांटिक-पॅसिफिककडे तुलनेपुरते गेले आहेत. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हा क्रम उलटा असतो आणि तो उलटवल्याने विषय किती बदलतो ते वाचताना जाणवेल. डायाटम आणि डायनोफ्लॅजेलेट यांना त्यांनी कमी जागा दिली आहे. ती उणीव आहे, पण सगळ्यांना समान वाटा देऊन काहीच नीट न सांगण्यापेक्षा मला ही निवड पटते. रसायनाचा भाग त्यांनी आवश्यक तेवढाच घेतला आहे.

विज्ञानाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाने दबून जाऊ नये. जातींची लॅटिन नावे सुरुवातीला अडखळायला लावतील. बुलॉइडेस, रूबर आणि मेनार्डी या तीन लक्षात ठेवल्या तर पुस्तकातले बहुतेक युक्तिवाद हाती लागतात. नकाशे पाहताना प्रत्येक वेळी विचारावे की हा नकाशा जिवंत प्राण्यांचा आहे, सापळ्यातला आहे, की तळातल्या गाळाचा. भाग कुठल्याही क्रमाने वाचता येतील. फक्त कवचे विरघळण्यावरचा आणि वाहून जाण्यावरचा मजकूर, कंटाळवाणा वाटला तरी, वगळू नये. पुढच्या प्रत्येक आलेखावर किती विश्वास ठेवायचा, हे त्यावरच ठरते.